पाचाचे अंतर

देवीदास बोकडे एक आणि सहा या अंकांना भितात. वेगवेगळे आले तर नाही. शेजारी शेजारी आले तर. दोन-सात, तीन-आठ, चार-नऊ आणि शून्य-पाच या जोड्यांचेही तसेच. दवाखान्यात त्यांना सोळा नंबरचे टोकन मिळाले तर ते पुकारणाऱ्या बाईंना एकदा दाखवतात, बाकावर येऊन बसतात, आणि थोड्या वेळाने उठून पुन्हा दाखवायला जातात. बाई म्हणतात, "अंकल, सोलह ही है." ते मान डोलावतात. बाईंचे त्यांनी ऐकलेले असते. विश्वास बसलेला नसतो.

बोकडे साठीला टेकले आहेत. वडील वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावचे, रेल्वेत खलाशी म्हणून रायपूरला आले आणि इथलेच झाले. मुलानेही रेल्वेतच लागावे अशी त्यांची इच्छा होती. मुलगा भरतीच्या परीक्षेत दोनदा नापास झाला आणि शहराच्या उत्तरेला असलेल्या एका सिमेंट कारखान्याच्या सायडिंगवर नंबर टेकर म्हणून लागला. सायडिंग म्हणजे मुख्य मार्गावरून कारखान्यात आत शिरलेले रूळ. नंबर टेकरचे काम सांगायला सोपे आहे. मालगाडी आत आली की तिच्या बाजूने चालत जायचे आणि प्रत्येक डब्यावर रंगवलेला नंबर लिहून घ्यायचा. कोणता डबा आला, कोणता भरला, कोणता बाजूला काढला, हे सगळे पुढे त्या नंबरावरच चालते. डब्याला दुसरे नाव नसते.

काम त्यांना शिकवले दत्तोपंत नावाच्या जुन्या कारकुनाने. दत्तोपंतांची पद्धत दोन फेऱ्यांची होती. इंजिनाकडून गार्डच्या डब्याकडे जाताना नंबर लिहायचे. मग गाडीच्या पलीकडच्या अंगाने, शेपटाकडून इंजिनाकडे, उलट येत तेच नंबर पुन्हा वाचायचे आणि लिहिलेल्याशी ताडून पाहायचे. सायडिंगवर तिला उलटी फेरी म्हणत. मे महिन्यात खडीवरून चालताना बुटाचे तळवे मऊ पडतात, आणि उलट्या फेरीच्या वेळी सूर्य नेमका तोंडावर असतो. पण दत्तोपंत असेपर्यंत ती कधी चुकली नाही.

मग वेगळे राज्य झाले. रायपूर राजधानी झाली. शंकर नगरच्या घरांवर सरकारी कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या, सदर बाजारात चालायला जागा उरली नाही, आणि शहराच्या भोवती इतकी बांधकामे निघाली की कारखान्यात गाडीमागून गाडी येऊ लागली. बोकडे यांच्या आयुष्यात राजधानीचा अर्थ एवढाच होता की चालणे वाढले. त्याच सुमारास डब्यांचे नंबरही बदलले. जुने आखूड नंबर जाऊन अकरा अंकी नंबर आले. पहिले दोन अंक डब्याची जात सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन डबा बनल्याचे वर्ष, मग चार अंकांचा अनुक्रम. हे झाले दहा. अकरावा अंक स्वतःचे काहीच सांगत नाही. तो आधीच्या दहांवर लक्ष ठेवतो.

कसे, ते बोकडे यांना एका प्रशिक्षणात सांगितले गेले आणि ते त्यांना फार आवडले. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा, आठवा आणि दहावा अंक घ्यायचा. त्यांची बेरीज करून तिप्पट करायची. उरलेल्या पाच अंकांची बेरीज तीत मिळवायची. जे येईल ते पुढच्या दहाच्या पटीला जितके कमी पडेल, तो अकरावा अंक. त्यामुळे दहांपैकी कोणताही एक अंक चुकीचा लिहिला गेला तर हिशेब जुळत नाही, कोणताही. एवढा लांब आकडा स्वतःची चूक स्वतःच पकडतो, ही गोष्ट बोकडे यांना माणसांच्या मानाने बरी वाटली. अकराव्या अंकाला त्यांनी चौकीदार हे नाव दिले.

काही महिन्यांत त्यांना हा हिशेब चालता चालता तोंडी जमू लागला. घरी त्याचा खेळ झाला. स्कूटर रेल्वे फाटकाला अडली की मागे बसलेल्या त्यांच्या पत्नी विनोदिनी जाणाऱ्या डब्याचे दहा अंक वाचायच्या आणि बोकडे अकरावा सांगायचे.

"आठ," ते म्हणायचे.

"आठच हाय," विनोदिनी म्हणायच्या. "भाजी आणाले सांगतली तं दोन वस्तू इसरता. अन् हे बरं ध्यानात राह्यते."

"भाजीले चौकीदार नसते न."

सायडिंगवरही याचा परिणाम झाला. कारखान्याच्या संगणकात नंबर भरला की संगणक अकरावा अंक तपासायचा. चुकीचा नंबर घ्यायचाच नाही. बोकडे त्याच्या आधीच मनात तपासून बसलेले असायचे. दत्तोपंत निवृत्त झाले होते. कोणी सांगितले नाही, कोणी ठरवले नाही, पण एका उन्हाळ्यात उलटी फेरी बंद झाली. एकाच गोष्टीसाठी दोन चौकीदार कशाला, असे बोकडे यांना वाटले. तेव्हा ते कोणालाच चूक वाटले नाही.

राज्य होऊन नऊएक वर्षे झाली होती त्या मे महिन्यातली ही गोष्ट. सकाळी रिकामी गाडी आत आली. तिच्यात क्लिंकर भरायचे होते. क्लिंकर म्हणजे सिमेंट दळण्याआधीचे भाजलेले खडे, वजनाला दगडासारखे. भरण्याआधी डबे तपासायचे काम मारोती ढोबळे यांचे होते. मारोती रेल्वेतून निवृत्त झालेले, आता कारखान्याच्या कंत्राटावर. डब्याची चाके आणि त्यांची बेअरिंग ते हाताने चाचपून बघत. एका डब्याशी ते थांबले. एका बेअरिंगमधून ग्रीस बाहेर आले होते आणि टोपीचा एक बोल्ट नव्हता. रिकाम्या डब्याला हे चालून गेले असते. भरलेल्या डब्यात, लांबच्या प्रवासात, असे बेअरिंग तापते, लाल होते, आणि शेवटी चाकांचा आसच तुटतो. असा डबा सिक धरतात आणि गाडीतून काढून वेगळ्या रुळावर ठेवतात.

मारोतींनी डब्यावर खडूने मोठी फुली मारली. नियमाने ती दोन्ही अंगांना मारायची असते. मारोतींची कंबर धरली होती. पलीकडे जायला वाकून जोडणीखालून जावे लागते. ते गेले नाहीत. तिथूनच त्यांनी बोकडे यांना हाक मारली.

"बोकडे भाऊ, हा सिक घ्या. दोन एक सहा एक तीन."

यार्डात पूर्ण नंबर कोणी पुकारत नाही. एका मालिकेतल्या डब्यांचे पुढचे सहा अंक सारखेच असतात, म्हणून मागचे पाच सांगायचे. हा डबा होता १२०७०५२१६१३.

बोकडे इंजिनाच्या बाजूला दोन डबे पुढे उभे होते. त्यांच्या समोरच्या डब्याचा नंबर होता १२०७०५२६११३. तो त्यांनी नुकताच लिहिला होता, मनात तपासला होता, आणि त्याचे शेवटचे पाच अंक अजून डोळ्यांपुढे होते. त्यांनी मारोतींचे बोलणे नीट ऐकले. हाताने लिहिले ते मघाचेच. दोन सहा एक एक तीन. सवयीने त्यांनी हिशेब केला. अकरावा अंक तीन आला. चौकीदाराने हरकत घेतली नाही.

डबे जोडायचे आणि सोडायचे काम फिरंता नावाचा कामगार करायचा. तो बिनफुलीच्या अंगाने काम करत होता. बोकडे यांनी वायरलेसवर नंबर सांगितला, फिरंताने तो डब्यावर शोधला आणि तोच डबा काढला.

"हव भैया, काट दिया," तो म्हणाला.

संगणकानेही नंबर घेतला. डबे भरणाऱ्या यंत्राखालून गाडी सरकली, क्लिंकरची धूळ उडाली, आणि खडूची फुली राखाडी झाली. दुपारी गाडी निघाली. जाताना तांडी नावाचे गार्ड, जे महिन्यातून दोनतीनदा तरी या सायडिंगला यायचे, बोकडे यांच्यापाशी थांबले.

"बोकडेजी, कुछ ठंडा है क्या?"

बोकडे यांच्याजवळ विनोदिनींनी दिलेल्या पन्ह्याची स्टीलची बाटली होती. ती त्यांनी अख्खीच दिली. "पिऊन घ्या. बाटली पुढच्या खेपीले द्या."

तांडी बाटली घेऊन शेवटच्या डब्यात चढले आणि हिरवी झेंडी दाखवली.

गाडीचा मार्ग ठरलेला होता. कारखान्यातून मुख्य मार्गावर, तिथून रायपूर स्टेशनातून आरपार, मग दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगडचा चढ आणि पुढे महाराष्ट्र.

ती गेल्यावर मारोती बोल्ट आवळायचे पाने आणि कंदील घेऊन काढून ठेवलेल्या डब्याकडे गेले. बोकडे जेवणाचा डबा उघडून बसले होते. पोळीचा दुसरा घास हातात असताना मारोती परत येताना दिसले. त्यांच्या हातात काहीच नव्हते. पाने ते तिथेच ठेवून आले होते.

"बोकडे भाऊ, हा डबा काहून काटला?"

"तुमीच सांगतला."

"याले काही झालं नाही. चारही बाजू पाह्यल्या. बोल्ट हायेत. फुली नाही."

"पलीकडून पाह्यली?"

"दोन्हीकडून पाह्यली."

बोकडे उठून गेले. डब्यावर १२०७०५२६११३ होते. त्यांनी स्वतःच्या पॅडवर पाहिले, तेच होते. हिशेब केला, तीन. पुन्हा केला, पुन्हा तीनच. बोकडे सांगतात की त्या क्षणी त्यांना बरे वाटले होते. नंबर बरोबर होता, म्हणजे चूक त्यांची नव्हती. मारोतींनी फुली एका डब्यावर मारली असेल आणि नंबर दुसऱ्याचा वाचला असेल. मग त्यांच्या लक्षात आले की चूक कोणाचीही असली तरी तो दुसरा डबा गाडीत आहे आणि तो भरलेला आहे.

दोघे सायडिंगच्या व्यवस्थापकाच्या खोलीत गेले. व्यवस्थापक स्वानंद हा पुण्याहून आलेला इंजिनियर होता, तिशीच्या आतला, कारखान्यात येऊन वर्ष झालेला. सगळ्यांशी नीट बोलणारा.

"सर, गाडी थांबवा लागते," मारोती म्हणाले आणि काय झाले ते सांगितले.

स्वानंदने पडद्यावर नंबर काढला. "ढोबळेकाका, सिस्टीमने नंबर घेतलाय. बोकडेकाकांनी चुकीचा लिहिला असता तर तो घेतलाच गेला नसता. तुम्ही हाच दिला असणार."

"मी दोन एक सहा म्हटलं."

"नक्की?"

मारोतींनी पडद्यावरच्या नंबराकडे पाहिले. मग म्हणाले, "म्हटलं असंन. आता तुमी इचारलं तं मलेच समजून नाही राह्यलं का मी काय म्हटलं."

"म्हणजे तुम्हालाच खात्री नाही. मग मी रेल्वेच्या कंट्रोलला काय सांगू? भरलेली गाडी मुख्य मार्गावर थांबवायची तर कारण द्यावं लागतं. ते नंबर विचारतील. मी नंबर सांगितला की ते म्हणतील, हा डबा तर तुमच्याकडेच उभा आहे."

पुढे काय झाले ते तिघेही सारखेच सांगतात, फक्त मधल्या शांततेबद्दल त्यांचे एकमत नाही. स्वानंदला ती क्षणभराची वाटली. मारोतींना ती लांब वाटली. बोकडे म्हणतात, किती वेळ ते गप्प होते हे त्यांना सांगता येणार नाही. अकरावा अंक त्यांच्या बाजूने होता. ते काही बोलले नसते तर ठपका मारोतींवर बसला असता, मारोतींचे कंत्राट संपले असते, आणि त्यांना कोणी काही विचारले नसते. त्याच वेळी त्यांना खिडकीतून रिकामा रूळ दिसत होता. ते म्हणतात की मारोतींचा विचार त्यांच्या मनात नंतर आला. आधी आली ती बाटली. शेवटच्या डब्यात, तांडींच्या हातात.

त्यांनी टेबलावरच्या कागदावर दुसऱ्या डब्याचा नंबर लिहिला आणि हिशेब मांडला. दोन, सात, पाच, एक, एक: सोळा. तिप्पट अठ्ठेचाळीस. उरलेले एक, शून्य, शून्य, दोन, सहा: नऊ. एकूण सत्तावन्न. साठाला तीन कमी.

"सर," ते म्हणाले, "याचाही तीनच येते."

"कशाचा?"

"ढोबळे भाऊ जो म्हणून राह्यले त्याचा. दोघायचाही तीन. मीच लिवताना फिरवला असंन. चौकीदार दोघायलेही जाऊ देते."

स्वानंदने कागद ओढून घेतला आणि खाली दुसरा नंबर मांडला. एकवीस, तिप्पट त्रेसष्ट, अधिक चार, सदुसष्ट. सत्तराला तीन कमी. सत्तावन्न आणि सदुसष्ट हे आकडे एकाखाली एक होते. त्याने पेन खाली ठेवले.

"एक आणि सहा," तो सावकाश म्हणाला. "शेजारचे दोन अंक उलटले की बेरीज त्यांच्या अंतराच्या दुपटीने बदलते. अंतर पाच असेल तर दहाने. दहाने बदललेलं याला दिसतच नाही." आणि त्याने फोन उचलला.

बोकडे यांना अर्धे समजले, पण स्वानंदचा चेहरा समजला.

कंट्रोलचा आवाज फोनमधून खोलीभर येत होता. गाडी रायपूर स्टेशनातून निघून गेली होती. ऐन दुपारच्या गर्दीत, दोन फलाटांच्या मधून. दुर्गपर्यंत तिला थांबा नव्हता, आणि समोरून पॅसेंजर येत होती. आवाजाने डब्याचा नंबर विचारला. स्वानंदने मागचे पाच अंक सांगितले.

"नंबर पक्का है?"

स्वानंदने बोकडे यांच्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत या प्रश्नाला बोकडे यांनी हो सोडून दुसरे उत्तर दिले नव्हते. या वेळी त्यांनी हो म्हटले नाही. ते म्हणाले, "नंबरावर नका जाऊ म्हणा. जागा सांगतो. इंजिनापासून विसावा." मग त्यांना आठवले की जो डबा काढला तो याच्या पुढचा होता, म्हणजे यामागचे सगळे एकेकाने पुढे सरकले. "एकोणिसावा. थांबा सर. एकोणिसावा. पण आजूबाजूचेही पाह्यजा म्हणा. अन् डाव्या अंगाले खडूची फुली हाय. पुसून पाहा लागते."

फोन ठेवला गेला. आता करण्यासारखे काहीच नव्हते. भरलेली मालगाडी हव्या त्या जागी थांबत नाही. तिला बाजूच्या रुळावर घ्यावे लागते, आणि तसे स्टेशन येईपर्यंत ती धावतच राहते. मारोती पायरीवर बसले. रिकाम्या डब्याचे बेअरिंग आणि भरलेल्या डब्याचे बेअरिंग यांतला फरक त्या खोलीत त्यांच्याइतका कोणालाच माहीत नव्हता, आणि कोणी त्यांना विचारू नये असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. बोकडे यांनी विचारलेच.

"कुठवर टिकंन?"

"टिकलं तं डोंगरगडलोक टिकंन," मारोती म्हणाले. "नाही तं आतापर्यंत..."

फिरंता दारात येऊन उभा राहिला. कोणीतरी त्याला सांगितले होते.

"भैया, मैंने तो वही काटा जो आप बोले."

"हव रे. तू तेच काटलं."

"तो फिर?"

"मी बोललो तेच चूक होतं."

फिरंता गेला नाही. तोही तिथेच उकिडवा बसला. खोलीतल्या एसीचे पाणी बाहेर पत्र्यावर ठिबकत होते. फोन दोनदा वाजला; एकदा ट्रकवाल्याचा, एकदा स्वानंदच्या आईचा. दुसऱ्या वेळी स्वानंद म्हणाला, "आई, नंतर बोलतो," आणि ठेवून दिला. बोकडे उभेच होते. ते म्हणतात की त्यांना त्या वेळी गाडी, तांडी, समोरची पॅसेंजर यांपैकी काही दिसत नव्हते. फक्त आकडे दिसत होते. सहा आणि एक जागा बदलत होते, पुन्हा बदलत होते, आणि प्रत्येक वेळी शेवटी तीनच राहत होता.

तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा स्वानंदने ऐकले, दोनदा "हाँ जी" म्हटले आणि डोळे मिटले. गाडी दुर्गच्या अलीकडच्या एका लहान स्टेशनात बाजूच्या रुळावर घेतली होती. एकोणिसाव्या डब्याच्या बेअरिंगची टोपी लाल झाली होती. तिच्यावर पाणी मारले तर वाफेने पलीकडचे दिसेना. आस शाबूत होता. डबा तिथेच काढून ठेवणार होते. कोणाला काही झाले नव्हते.

मारोती दोन्ही हात पायरीवर टेकून उठले आणि आपले पाने आणायला गेले.

संध्याकाळी बुढापारा वस्तीतल्या घरी बोकडे जेवायला बसले आणि जेवले नाहीत. विनोदिनींनी ताट तसेच राहू दिले.

"काहून गप हा? साहेब बोलला काय?"

"नाही."

"बाटली कुठी हाय माही?"

त्यावर त्यांनी सगळे सांगितले. विनोदिनींनी ते उभ्यानेच ऐकले. शेवटी त्या म्हणाल्या, "गाडी थांबली न? कोणाले काही झालं नाही न? मग काहून भेव घेता?"

"ही थांबली," बोकडे म्हणाले.

विनोदिनींना ते लगेच उमगले नाही. उमगले तेव्हा त्यांनी ताट उचलून आत नेले.

उलटी फेरी बंद होऊन बराच काळ लोटला होता. एवढ्या काळात बोकडे यांनी किती नंबर लिहिले, याची कोणाकडे मोजदाद नाही. त्यांतल्या कितींमध्ये पाचाच्या अंतराचे दोन अंक शेजारी होते, आणि कितींमध्ये ते उलटले गेले असतील, हे कळायला मार्ग नाही. कारण अशी चूक झाली तर ती बरोबरच दिसते. स्वानंदने त्यांची समजूत घालण्यासाठी एकदा गणित करून दाखवले. शेजारच्या अंकांची उलटापालट मुळात कमी, त्यात पाचाचे अंतर असणे त्याहून कमी, त्यात तसा दुसरा डबा त्याच गाडीत असणे तर फारच क्वचित. नाहीतर संगणकाने नसलेला डबा लगेच ओळखला असता.

"क्वचित म्हणजे होतंच नाही असं तं नाही न सर?" बोकडे यांनी विचारले.

"नाही. तसं म्हणता येणार नाही."

त्याने जे सांगितले ते धीर देण्यासाठी होते. बोकडे यांनी त्यातून घेतल्या त्या पाच जोड्या. शून्य-पाच, एक-सहा, दोन-सात, तीन-आठ, चार-नऊ. पुढच्याच गाडीला त्यांच्या लक्षात आले की डबा बनल्याच्या वर्षातच एक जोडी आहे. ०५ च्या जागी ५० लिहिले तरी चौकीदार उठणार नाही. पन्नास साली बनलेला डबा कोणी खपवून घेणार नाही, हे त्यांना कळते. तरी ते ०५ वर बोट ठेवून वाचतात.

स्वानंदने उलटी फेरी पुन्हा लेखी नियमात आणली. बोकडे यांना त्याने कार्यालयात बसायचे काम देऊ केले. त्यांनी नको म्हटले. कार्यालयात बसले तर नंबर दुसरा कोणी लिहील, आणि त्याला पाचाबद्दल माहीत नसेल. मारोतींनी वर्ष संपल्यावर कंत्राट पुढे चालवले नाही. कंबर हे कारण त्यांनी दिले. बोकडे यांना ते म्हणाले होते की नंबर पुकारताना आता आपलाच आवाज आपल्याला दुसऱ्याचा वाटतो. तांडींनी बाटली परत पाठवली, धुऊन, दुसऱ्या एका गार्डच्या हाती. ती स्वयंपाकघरात मांडणीवर आहे. बोकडे कामावर प्लास्टिकची नेतात.

आता ते दोन फेऱ्यांवर थांबत नाहीत. सिक डब्याशी स्वतः जाऊन त्यावर हात ठेवतात आणि फिरंताला बोलावून त्याचाही हात ठेवायला लावतात. फिरंता आता बढती मिळून मुकादम झाला आहे. "भैया, अब पूजा भी कर दूँ?" असे तो विचारतो, पण हात ठेवतो. त्यानंतर सायडिंगवर तशी चूक आढळलेली नाही. बोकडे यांना या वाक्यातला आढळलेली हा शब्द पुरेसा वाटत नाही.

गेल्या थंडीत ते आणि विनोदिनी एका लग्नाहून परतत होते. फाटक पडले. भरलेली मालगाडी हळूहळू जाऊ लागली. विनोदिनींनी फार दिवसांनी जुना खेळ काढला, कदाचित मुद्दामच. एका डब्याचे दहा अंक त्यांनी स्पष्ट वाचले आणि वाट पाहिली.

बोकडे यांनी हिशेब केलेला होता. ओठ हलले होते.

"सांगा न," विनोदिनी म्हणाल्या.

"सात."

"सातच हाय. म्हणजे बरोबर?"

डबा पुढे निघून गेला होता. त्यामागचा आला, मग त्यामागचा. दोघांनी एकही नंबर वाचला नाही. गार्डचा डबा जाऊन फाटक उघडले आणि मागच्या गाड्यांनी हॉर्न द्यायला सुरुवात केली तेव्हा बोकडे यांनी स्कूटर सुरू केली.

"मले काय माहीत," ते म्हणाले.